खुन्याचं डोकं आणि बेपत्ता बाईची तक्रार

हिंडलगा जेलचा विषय निघाला की बेळगावच्या मराठी माणसाला पहिल्यांदा सीमालढा आठवतो. सत्याग्रहींच्या तुकड्या, १ जून १९८६ चा गोळीबार, घरातल्या कुणीतरी भोगलेली कैद. अलीकडं मात्र त्याच जेलचं नाव वेगळ्या कुतूहलानं घेतलं जातं. 'सायनाईड मोहन' म्हणून गाजलेला मोहनकुमार तिथं ठेवलेला होता, बलात्कार आणि खुनांसाठी गाजलेला बंगळूरचा उमेश रेड्डीही तिथंच. वेंगुर्ला रस्त्यानं सुळगा-उचगावकडं जाणाऱ्या बसमध्ये कुणीतरी जेलकडं बोट दाखवतं आणि शेजारचा विचारतो, "दिसायला कसा असंल ओ? बोलत कसा असंल?" मग प्रश्न थांबत नाहीत. बायका भुलल्या कशा, त्याचा हात थरथरला कसा नाही, रात्री झोप कशी लागत असेल, लहानपणी त्याच्यावर काय गुदरलं असेल.

या कुतूहलाला मी विकृती म्हणणार नाही. माणसानं माणसाला असं का मारावं, हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. पण गेली काही वर्षं मोबाईलवर, युट्यूबवर, वेब मालिकांत खुन्यांच्या 'मानसिकते'चा जो रतीब चालू आहे आणि आपल्याकडची तरुण पोरं ज्या आवडीनं तो घेताहेत, ते बघून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. खुन्याच्या डोक्यात डोकावून आपण सुरक्षित होत नाही आणि शहाणेही होत नाही. वीस-वीस माणसं मरेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर खुन्याच्या मनात सापडणारं नाही. ते आपल्या घरात, गावात आणि पोलीस ठाण्यात आहे.

मोहनकुमारचंच प्रकरण बघा. दक्षिण कन्नड जिल्ह्यातला हा प्राथमिक शाळेतला शारीरिक शिक्षणाचा मास्तर. २००३ ते २००९ या काळातल्या वीस बायकांच्या खुनांचे खटले त्याच्यावर चालले, विसाव्याचा निकाल लागायला २०२० उजाडलं. त्यानं निवडलेल्या बायका गरीब घरच्या, बहुतेक विशी-तिशीतल्या, हुंड्याअभावी लग्न अडलेल्या. तो त्यांना त्यांच्याच जातीचा असल्याचं सांगायचा, नाव त्याप्रमाणे बदलायचा. सरकारी नोकरी आहे, हुंडा नको. लग्नासाठी म्हणून दागिन्यांसह घराबाहेर काढायचा, लॉजवर मुक्काम व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी आहे असं सांगून सायनाईड द्यायचा. ती स्वच्छतागृहात जाऊन गोळी घ्यायची. हा लॉजवर परतून दागिने उचलायचा.

यातली बुद्धी काय ती एवढीच. याला कुणी 'मास्टरमाइंड' म्हणतं तेव्हा मला राग येतो. त्यानं कुठलंही अवघड कोडं रचलं नव्हतं. ज्या घरात पोरीचं लग्न ठरत नाही त्या घरात 'हुंडा नको' हे दोन शब्द काय करतात, हे त्याला ठाऊक होतं. ते तर आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. मैसूर, मडिकेरी, बंगळूर अशा ठिकाणच्या बसस्थानकांच्या स्वच्छतागृहांत अनोळखी तरुण बायकांचे मृतदेह सापडत गेले. अंगावर चांगली साडी, दागिना एकही नाही, सोबतीला कोणी नाही. एका गावाच्या पोलिसांनी अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद केली, दुसऱ्या गावाच्या पोलिसांनीही तेच केलं. आत्महत्या असावी, बेवारस, फाईल बंद. असाच मृतदेह तसल्याच जागी शेजारच्या जिल्ह्यातही सापडलाय, हे सहा वर्षं कुणी जोडून पाहिलं नाही. तिकडं तिच्या गावात काय चाललेलं? कुठं अब्रूच्या भीतीनं तक्रारच नाही, कुठं तक्रार केली तर 'गेली असेल कुणाबरोबर' म्हणून कागद बाजूला.

गाठ सुटली ती २००९ मध्ये. बंटवाळ तालुक्यातल्या एका बेपत्ता मुलीच्या समाजातली माणसं पोलीस ठाण्यावर चालून गेली म्हणून. त्या संतापामागंही परधर्मीय तरुणानं तिला पळवल्याचा संशय होता आणि तो साफ खोटा ठरला. पण दबावामुळं पोलिसांनी तिच्या फोनची यादी काढली. त्या यादीतला एक नंबर निघाला दुसऱ्या एका बेपत्ता बाईचा. तिच्या यादीतून तिसरीचा. ऑक्टोबर २००९ मध्ये तो पकडला गेला. मानसशास्त्राचा अभ्यासक त्यात कुठं नव्हता, 'प्रोफाइल' नव्हतं. एका घरानं तक्रार सोडली नाही आणि कुणीतरी दोन कागद शेजारी ठेवून पाहिले, एवढंच घडलं. हे पहिल्या बेपत्ता बाईच्या वेळीही करता आलं असतं. मग पुढच्या वाचल्या असत्या.

आपल्या अगदी दारातलं प्रकरण म्हणजे कोल्हापूरचं. निपाणी-संकेश्वरकडच्या ज्या आयांची पोरं नव्वदच्या दशकात लहान होती, त्यांना अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, ही नावं सांगावी लागत नाहीत. १९९० ते १९९६ या काळात तिघींनी लहान मुलं पळवली. गर्दीत पाकीट मारायचं, पकडलं गेलं तर कडेवरचं पोर पुढं करायचं, लोकांना दया येते. पोर नकोसं झालं की संपवायचं. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच वारली. मुलींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयानंही कायम केली आणि दयेच्या अर्जांना झालेल्या दिरंगाईमुळं २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. या काळात 'बाई असून असं कसं केलं' यावर किती लिहिलं-बोललं गेलं याला गणती नाही. मला मात्र आठवतं ते वेगळंच. या बायका सापडल्या नाशिकच्या एका आईमुळं. तिची मुलगी नाहीशी झाली होती, संशय गावित मायलेकींवर होता आणि तिनं तो लावून धरला. तोवर वेगवेगळ्या शहरांतून मुलं गेली होती आणि ज्याची त्याची तक्रार ज्याच्या त्याच्या ठाण्यात पडून होती. एसटी स्टँडवरची, देवळाबाहेरची, फुटपाथवर झोपणाऱ्यांची पोरं. त्यांच्यासाठी ठाण्यावर चालून जाणारा समाज नव्हता.

मुंबईत १९६८ साली पकडलेल्या रामन राघवचंही हेच. त्यानं मारलेली माणसं झोपड्यांत आणि रस्त्याकडेला झोपणारी होती. त्याला गंभीर मानसिक आजार असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, फाशी रद्द झाली, १९९५ मध्ये तो कैदेतच वारला. त्याच्या डोक्यातल्या भ्रमांविषयी आजही बोललं जातं. उघड्यावर झोपावं लागणाऱ्यांविषयी त्यानंतर आपण काय केलं, यावर कोण बोलतं?

मानसशास्त्र निरुपयोगी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट ते जितकं सांगतं तितकंच ऐकलं तर फार बरं होईल. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी मनोविकृत व्यक्तिमत्त्व मोजण्यासाठी वीस मुद्द्यांची तपासणी तयार केली, ती जगभर वापरली जाते. ती प्रशिक्षित माणसानं, मुलाखत घेऊन आणि कागदपत्रं तपासून करायची असते. आणि हेअर स्वतः सांगत आले आहेत की अशा व्यक्तिमत्त्वाची बहुतेक माणसं खून करत नाहीत. म्हणजे 'सायकोपॅथ' हा शिक्का खून का झाला हे पुरतं सांगत नाही. आपल्याकडं मात्र तीस मिनिटांचा व्हिडिओ बघून कॉलेजातली पोरं शेजाऱ्याला, मास्तरला, सोडून गेलेल्या मित्राला तो शिक्का लावून मोकळी होतात.

शिवाय गोष्ट आधी ठरली की तपास कसा वाहवत जातो, त्यासाठी निठारी पुरेसं आहे. डिसेंबर २००६ मध्ये नोएडातल्या एका बंगल्यामागच्या नाल्यात मुलांचे अवशेष सापडले. मुलं मजुरांची होती. त्यांचे आईबाप आधीपासून ठाण्याचे उंबरे झिजवत होते आणि त्यांना हाकलून दिलं जात होतं. अवशेष सापडल्यावर मात्र वाहिन्यांनी नरभक्षक राक्षसाची कथा उभी केली, देशभर बंगल्याचा मालक आणि त्याचा नोकर यांच्या मनांचं विच्छेदन झालं. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं तपासावर कडक ताशेरे ओढून दोघांना समोरच्या खटल्यांत निर्दोष ठरवलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालात हात घालायला नकार दिला आणि उरलेल्या एका खटल्यातूनही नोकराला निर्दोष सोडलं. ज्या 'मना'चा आपण इतकी वर्षं अभ्यास केला, ते गुन्हेगाराचं होतं हेच सिद्ध झालं नाही. आणि त्या मुलांना मारलं कुणी, याचं उत्तर त्या आईबापांकडं आजही नाही.

पुन्हा हिंडलग्याला येतो, कारण तिथली एक गोष्ट बेळगावकर म्हणून मला खुपते. उमेश रेड्डीच्या मनाविषयी इतकं कुतूहल असलेल्या आपल्या शहरात, त्याच जेलमध्ये त्याला २००६ पासून दहा वर्षं एकांतकोठडीत ठेवलं होतं. दयेचा अर्ज निकाली निघण्याआधी असं ठेवणं कायद्याला धरून नव्हतं, याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची फाशी रद्द केली आणि किमान तीस वर्षांची कैद दिली. त्याचे गुन्हे भयंकर आहेत, त्याबद्दल माझ्या मनात कसलीही मऊ जागा नाही. पण त्या दहा वर्षांत त्याच्या मनाचं काय होत होतं, हा प्रश्न बसच्या खिडकीतून कुणी विचारला नाही. म्हणजे आपल्याला त्याचं मन समजून घ्यायचं नव्हतंच. आपल्याला गोष्ट हवी होती.

माझी भाची हे मान्य करत नाही. ती शहापुरात राहते, संध्याकाळी भाकऱ्या थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि त्यावर कुठल्या तरी खुन्याची कहाणी चालू असते. तव्यावरची भाकरी उलटताना तिचं लक्ष फोनवर असतं, बोटं आपोआप चालतात. ती म्हणते, "मामा, मी मजेसाठी ऐकत नाही. कुणाबरोबर काय होऊ शकतंय ते कळतंय. सावध राहायला बरं." तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. २०१० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं. खऱ्या गुन्ह्यांच्या कथा बायका पुरुषांपेक्षा जास्त निवडतात, आणि विशेषतः ज्यात सुटका कशी करून घ्यायची हे असतं त्या. भीती खरी आहे. कारणही खरं आहे.

पण या कथा सावध करतात ते कुणापासून? अंधारातल्या अनोळखी माणसापासून, विचित्र नजरेच्या, एकलकोंड्या माणसापासून. मोहनकुमार तसा नव्हताच. तो स्थळ म्हणून आला होता. तो नीटनेटका, पगारदार, जातीतला होता, हुंडा नको म्हणत होता. आपल्या बायाबापड्यांनी त्याला चहा दिला असता. ज्या पोरीला 'लग्न जमत नाही' हे रोज ऐकावं लागतं, तिला शंभर पॉडकास्ट ऐकवले तरी ती त्याच्याबरोबर गेली असती. तिला वाचवायचं असतं तर घरात तिचं ओझं वाटायला नको होतं, आणि ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी ओरडायला हवं होतं.

ते ओरडणं किती अवघड आहे हे मी पाहिलं आहे. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली बाई मुलगी परतली नाही म्हणून तक्रार द्यायला निघाली होती, तिला कन्नड येत नव्हतं म्हणून मी सोबत गेलो. मुलगी वीस-एकवीसची. सकाळी "येतो गं आई" म्हणून नेहमीसारखी कामाला बाहेर पडली आणि दोन रात्री आली नाही. टेबलामागच्या हवालदारानं मान वर न करता विचारलं, वय काय, फोन कुणाचा येत होता काय. मग म्हणाला, "ओडि होग्याळ, बर्ताळ बिडरी." पळून गेली असेल, येईल, सोडा. बाईला शब्द कळले नाहीत, सूर कळला. ती म्हणाली, "साहेब, माझं पोर न सांगता जाणारं न्हवं." तास-दीड तासानं कागद झाला. तो कन्नडमध्ये. काय लिहिलंय ते मी वाचून सांगितलं, तर मुलीच्या अंगावरच्या ड्रेसचा रंग चुकलेला आणि हातावरच्या गोंदणाचा उल्लेखच नाही. पुन्हा सांगून ते घालून घेतलं आणि खाली तिचा अंगठा.

ती मुलगी पुढं गोव्यात सापडली, सुखरूप, एका घरी कामाला. म्हणजे हवालदाराचा अंदाज बरोबर निघाला. तो बहुतेक वेळा बरोबरच निघतो, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. गेलेल्यांतल्या बहुतेक परत येतात, म्हणून न येणारीसाठी कुणी उठत नाही. मोहनकुमार सहा वर्षं मोकळा फिरला तो याच अंदाजाच्या जोरावर.

सीमाभागात हा धोका दुप्पट आहे. बेळगावहून शिनोळीला पोचलं की महाराष्ट्र. निपाणीच्या पुढं कोगनोळी नाका ओलांडला की कागल. चोर्ला घाट उतरलं की गोवा. माणसं तिन्ही राज्यांत रोज ये-जा करतात, तक्रारी तशा करत नाहीत. इकडच्या ठाण्याचा कागद कन्नडमध्ये, तिकडचा मराठीत, आणि दोन्हीकडं पहिला प्रश्न हद्दीचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगता येत नाही. हरवलेल्या मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलंय की थेट गुन्हा नोंदवा. पण सज्ञान बाई न सांगता गेली तर तो गुन्हा मानायचा की नाही, हे बऱ्याच अंशी टेबलामागच्या माणसाच्या समजुतीवर राहतं. आणि तिच्या आईला ठाण्याची भाषाच येत नसेल तर त्या समजुतीशी भांडायचं कुणी? भाषेचा प्रश्न आपण पाट्यांवर, सातबाऱ्यावर, शाळेवर मांडत आलो. तो या कागदावरही तितक्याच तावातावानं मांडायला हवा.

आणि आज नाहीशी झाली तर कुणी विचारणार नाही अशी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांतल्या बायका. वीटभट्टीवरची पोरं. निपाणीच्या तंबाखूवर आयुष्य काढलेल्या, आता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या, घरानं टाकलेल्या जोगतिणी. अलीकडं शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत म्हणून एजंट पैसे घेऊन लांबलांबच्या जिल्ह्यांतून नवऱ्या आणताहेत. त्या मुलीचं माहेर कुठलं हे गल्लीत कुणाला नीट माहीत नसतं. 'पैसे घेऊन पळाली' ही बातमी आपण हसत ऐकतो. पळाली हे कुणी बघितलं?

खुन्यांच्या कथांनी पोसलेली भीती याच माणसांवर उलटते, हेही आपण पाहिलंय. २०१८ च्या जुलैत पोरं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअॅपवरच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी ही माणसं मंगळवेढ्याकडची. त्याच महिन्यात आपल्या राज्यात, बीदर जिल्ह्यातल्या मुर्कीजवळ हैदराबादहून आलेल्या एका तरुणाचा असाच जीव घेतला, मुलांना चॉकलेट दिलं एवढ्यावरून. राक्षस कसा दिसतो हे आपल्याला पाठ झालेलं असतं, आणि तो दिसतो तो नेहमी परका, गरीब, भटका. डवरी गोसावी तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारात येणारे.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि दहाव्याच्या जाहिरातींच्या शेजारी, पोलिसांची एक छोटी चौकट असते. अनोळखी मृतदेह, स्त्री, वय अंदाजे तीस, उंची पाच फूट, सावळा वर्ण, हिरव्या काठाची साडी, डाव्या हातावर गोंदण, ओळख पटल्यास संपर्क साधावा. मराठी पेपरात ती कधी असते, कधी नसते. सीमेपलीकडं चंदगड-गडहिंग्लजच्या पेपरात ती पोचते की नाही, कुणी बघत नाही. एका खुन्याचं बालपण उलगडायला जेवढा वेळ जातो त्याच्या दहाव्या हिश्श्यात ही चौकट दोन्ही भाषांत, दोन्ही राज्यांत फिरवता येईल. फोन प्रत्येकाच्या हातात आहे, गल्लीगल्लीचे ग्रुप आहेत, महिला मंडळं आहेत, गणेश मंडळं आहेत. अफवा सीमा ओलांडायला रात्रभरही घेत नाही.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा या आपल्या गावांत दर हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरतात, हजारोंनी माणसं येतात, परिसंवाद रंगतात. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. गुन्हेगारी मानसिकतेवर व्याख्याता बोलवायचा विचार असेल तर या वर्षी तो बाजूला ठेवा. खानापूर, निपाणी, कागल, चंदगड इथल्या ठाण्यांतल्या अधिकाऱ्यांना एका मंचावर बसवा. समोरच्या पहिल्या रांगेत, ज्यांच्या घरचं माणूस गेल्या दहा वर्षांत परत आलेलं नाही त्यांना जागा द्या. त्यांच्या तक्रारीचा कागद कुठल्या भाषेत आहे, त्यात गोंदणाची नोंद आहे की नाही, आणि तो शेजारच्या जिल्ह्यातल्या बेवारस मृतदेहांच्या यादीशी शेवटचा कधी ताडून पाहिला, हे त्या अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर सांगू द्या.